परवानाधारक स्कूटर

बाटलीवरचं लेबल न फाटता सबंध काढणं ही एक कला आहे, आणि त्या कलेत माझा हात धरील असा माणूस निदान आमच्या इमारतीत तरी नाही. ही बढाई नव्हे. पुढचं सगळं महाभारत समजायचं असेल तर एवढी गोष्ट आधी मान्य करावी लागते. लोक नखाने खरवडतात, बाटली पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग कागदाचे लोचके चिकटलेल्या बाटल्या तशाच फळीवर मांडतात. मी हेअर ड्रायरची कोमट हवा एका कोपऱ्याला देतो, ऑफिसचं जुनं ओळखपत्र हलकेच खाली सरकवतो आणि घाई करत नाही. लेबल आपणहून उठतं. बायको म्हणते, एवढी सबुरी माणसांशी दाखवली असती तर पाणीपुरवठा खात्यात आज मी साहेब असतो. पण बाटल्या उलट बोलत नाहीत, हे ती लक्षात घेत नाही.

तर अशा माणसाच्या हाती ताईने कॉम्प्युटर पुसायचं काम दिलं.

ताई माझी थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने स्वस्थ बसावं अशी सगळ्यांची इच्छा होती, म्हणूनच बहुधा ती बसली नाही. मोठमोठी ऑफिसं जुने कॉम्प्युटर भंगारात काढतात. ताई तिथे जाऊन ते मागून आणते, उघडते, तीन मेलेल्या डब्यांतून एक जिवंत डबा उभा करते आणि ज्याला गरज असेल त्याला फुकट देऊन टाकते. यासाठी तिने रीतसर संस्था काढली आहे. संस्थेची अध्यक्ष ताई, सचिव ताई आणि हमाल मी. मला ताईचा लहानपणापासून धाक आहे आणि त्याहून जास्त कौतुक. या वयात ती नाकावर चष्मा ओढून, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डब्यात डोकं घालते, आणि थोड्या वेळाने आतला पंखा गुरगुरायला लागतो. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही दिसतं ते मला माझ्या पगारवाढीच्या दिवशीसुद्धा आरशात दिसलेलं नाही.

तिच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा संस्थेचं कार्यालय आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं. बायकोने हरकत घेतली नाही. तिने फक्त आमची ताटं टीव्हीसमोरच्या स्टुलावर नेली आणि ती अजून तिथेच आहेत.

यावेळचे डबे कपड्यांच्या कारखान्यातल्या बायकांसाठी होते. कारखाना बंद पडला होता. त्यातल्या काही जणींनी हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात अर्ज केले होते आणि तिथे कॉम्प्युटरवर टायपिंगची परीक्षा होती. घरी रोज सराव करता यावा म्हणून ताई प्रत्येकीला एक डबा देणार होती. त्यांतली एक काज-बटणाच्या टेबलावर उभं आयुष्य काढलेली. तिला सगळ्या काजबाईच म्हणत. घरात कमावणारी ती एकटी. डबे वाटेपर्यंत शिकायला त्या आमच्याकडे येत, आणि पहिल्या दिवशी ती कीबोर्डला हात लावायच्या आधी आमच्या मोरीत जाऊन हात धुऊन आली.

"बाई, मला हे जमेल का ते खरं सांगा," ती ताईला म्हणाली. "नसेल जमत तर मी धुण्याभांड्याची कामं बघते. पण उगाच आशा दाखवू नका."

"जमेल," ताई म्हणाली.

ताईने एकदा 'जमेल' म्हटलं की ते जमवणं ही आसपासच्या सगळ्यांची जबाबदारी होऊन बसते. म्हणून मी कामाला लागलो.

ऑफिसांतून आलेल्या डब्यांच्या अंगावर काय काय असतं ते सभ्य माणसाने पाहू नये. चहाचे ओघळ, मालमत्ता क्रमांकाच्या चिठ्ठ्या, 'यावर जेवणाचा डबा ठेवू नये' अशी सूचना आणि तिच्यावरच जेवणाच्या डब्याचा गोल तेलकट ठसा. मी सगळं उतरवलं. प्रत्येकाच्या कुशीला एक चकचकीत, रंग बदलणारं, बारीक आकड्यांनी भरलेलं लेबलही होतं. ते काही केल्या निघेना. दुसऱ्या कुणी इथे हात टेकले असते. मी ड्रायर कोमटवरून गरमवर नेला, श्वास रोखला आणि एकामागून एक सगळी लेबलं काढली. एकाचाही कोपरा दुमडला नाही. इतकी देखणी लेबलं फेकवेनात. आमच्या स्कूटरचा मागच्या बाजूला रंग उडालेला आहे, तिथे ती ओळीने चिकटवली. अंधार पडल्यावर मागच्या गाडीचा उजेड आला की स्कूटर झगमगायची. चौकातल्या पोलिसाने एकदा मान वळवून पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

ताई आली. डब्यावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि म्हणाली, "छान." ताईचं 'छान' मी आयुष्यात फारसं ऐकलेलं नाही, त्यामुळे मी ते कानात साठवून घेत होतो. तोवर तिने डबा फिरवला.

"लेबल कुठाय?"

"कसलं?"

"परवान्याचं."

मग मला जे कळलं ते असं. डब्यात जी सिस्टीम चालते ती एका कंपनीची. ती वापरायचा परवाना ऑफिसने डबा घेतानाच विकत घेतलेला असतो, आणि ते लेबल म्हणजेच तो परवाना. लेबल डब्यावर असेल तर डबा खुशाल कुणालाही द्या, परवाना त्याच्याबरोबर जातो. वाटपाआधी कंपनीचा माणूस येऊन लेबलं तपासतो आणि मगच ताईच्या संस्थेला परवानगी मिळते. लेबल गेलं की डबा बेवारस. मी संस्थेचे सगळे डबे एका दुपारीत बेवारस केले होते आणि वर त्यांना पॉलिशही मारलं होतं.

"लेबलं सुखरूप आहेत," मी म्हणालो.

"कुठे?"

"खाली. पार्किंगमध्ये."

ताई खाली आली, स्कूटरकडे बराच वेळ बघत राहिली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. "एकही फाटलं नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. ती नुसतं "हं" म्हणाली. त्या 'हं'मध्ये थोडा आदर होता असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे.

आमच्या इमारतीत पार्किंगमधल्या पायरीवर कुणी बसलं की सभा भरते. पहिले आले जजसाहेब. हे जज नव्हेत, कोर्टात टायपिस्ट होते, पण इतके निकाल टाइप केले आहेत की आता बोलतात तेच निकालासारखं. त्यांनी स्कूटरला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "वाहन जागचं हलवू नका. हा मुद्देमाल आहे." त्या दिवसापासून मी ऑफिसला बसने जाऊ लागलो. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "त्यात काय एवढं? काढा आणि परत डब्यांना चिकटवा." पण कुठलं लेबल कुठल्या डब्याचं हे सांगायला डबे बोलत नव्हते. मग कोपऱ्यावरचा मोबाइलवाला आला. त्याने खांदे उडवले.

"एकाची नक्कल सगळ्यांत टाकून देतो. तुमचा चहा संपायच्या आत. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ताई म्हणाली. "आणि त्या बायकांना नव्याने कामाला लागायचंय. त्यांना पहिलीच वस्तू चोरीची देऊ होय?"

मोबाइलवाला दुकानाकडे वळला. माझ्या मनात त्याच्या सूचनेला केव्हाच अनुमोदन देऊन झालं होतं, म्हणून मी स्कूटरचा आरसा पुसायला लागलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, आपला परवाना क्रमांक दाबा. परवाना हरवला असल्यास? तर आधी हरवलेल्या परवान्याचा क्रमांक दाबा. मी पार्किंगमध्ये उकिडवा बसून स्कूटरवरचे आकडे दाबले. बाई म्हणाली, अभिनंदन, आपल्या उत्पादनाचा प्रकार सांगा. मी खरं बोलणारा माणूस आहे. 'स्कूटर' म्हणालो. तिने मला वाट बघायला सांगितलं आणि गाणं लावलं. गाणं चांगलं होतं, पण संपेना.

मग ताई मला घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेली. तिथल्या खिडकीवरच्या गृहस्थांना तिने विद्यार्थ्याला विचारावं तसं विचारलं, "परवाना डब्याचा असतो. मान्य. पण माझ्या डब्याचा पत्रा एकाचा, आतली मुख्य पाटी दुसऱ्याची, आकडे साठवायची तबकडी तिसऱ्याची. यातला परवाना कुणाला?" गृहस्थ उठून आत गेले. आत बराच वाद ऐकू आला. थेट आत्मा आणि शरीर इथपर्यंत मंडळी पोचली असावीत. बाहेर येऊन ते म्हणाले, "ज्याच्यावर लेबल आहे, त्याला."

"म्हणजे आमच्या स्कूटरला," मी म्हणालो. ताईने माझ्या पायावर पाय दिला. पण त्यांनी ते ऐकलं होतं, आणि तपासणीला माणूस पाठवायचं ठरलं.

माणूस आला तो कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून. तरुण होता, नम्र होता. गुडघे टेकून त्याने भिंगातून स्कूटरचं मागचं अंग तपासलं. अख्खी इमारत गोल करून उभी होती. कारखान्यातल्या बायकाही सरावाला आल्या होत्या, त्या जिन्यात थांबल्या. शेवटी टायवाले उठले आणि गुडघे झटकत म्हणाले, "ही लेबलं खोटी आहेत."

"कशावरून?" ताईने विचारलं.

"आमचं लेबल सबंध निघूच शकत नाही, बाई. काढायला गेलं की त्याचे तुकडे होतात. मुद्दाम तसंच केलेलं आहे. ही सगळी सबंध आहेत, म्हणजे कुणीतरी छापलेली." त्यांनी आवाज खाली आणला. "मला तसं लिहावं लागेल. डबे जप्त होतील. संस्थेची मान्यता जाईल. खोट्या परवान्याचा शिक्का बसला की तुम्हाला कुठलंच ऑफिस पुन्हा कॉम्प्युटर देणार नाही."

जिन्यात काजबाईने कठडा घट्ट धरलेला मला दिसला.

"ही काढली कुणी?" टायवाल्यांनी विचारलं.

"संस्थेने," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. 'माझ्या मूर्ख भावाने' असं ती म्हणू शकली असती. लहानपणी तिने हे वाक्य पुष्कळदा, आणि बरेचदा विनाकारण, वापरलेलं आहे. आज पहिल्यांदाच त्याला भरभक्कम कारण होतं, आणि आज ती ते म्हणाली नाही. सगळं आपल्या अंगावर घेऊन ताठ उभी होती.

"मी काढली," मी पुढे होऊन म्हणालो. "एकट्याने. संस्थेचा संबंध नाही."

टायवाले हसले. "काका, तुम्ही बाईंना वाचवायला बघताय. चांगली गोष्ट आहे. पण हे शक्य नाही."

आता माणसाचा अपमान किती प्रकारे होऊ शकतो याचा मला नोकरीत बऱ्यापैकी अनुभव आहे. पण आपण गुन्हा कबूल करावा आणि समोरच्याने आपल्याला त्या गुन्ह्याच्या लायकीचंच समजू नये, हा प्रकार नवीन होता. डोक्यात तिडीक गेली. "एक खरं लेबल द्या," मी म्हणालो. "तुमच्या खात्रीचं."

त्यांनी बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला आणि उलटा करून स्कूटरच्या सीटवर ठेवला. पोटाला तसंच चकचकीत लेबल होतं. "करा प्रयत्न," ते म्हणाले. कंपनीवर त्यांचा इतका विश्वास होता.

बायकोने खिडकीतून वायर सोडली. ड्रायर आला, माझं जुनं ओळखपत्र आलं. जजसाहेबांनी सगळ्यांना शांतता राखण्याचा हुकूम दिला. मी कोपऱ्याला हवा दिली, कार्ड टेकवलं आणि थांबलो. काकू कुजबुजल्या, "झोपले की काय?" मी लक्ष दिलं नाही. मग तो कोपरा एवढासा उठला. कार्ड आत सरकलं. थोडी हवा, थोडं कार्ड, पुन्हा हवा. आणि लेबल सबंध माझ्या हाताच्या पंजावर आलं. मी ते टायवाल्यांपुढे धरलं.

त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. त्यांनी ते भिंगातून पाहिलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. इमारतीने टाळ्या वाजवल्या. माझ्या लग्नातसुद्धा माझ्यासाठी एवढ्या टाळ्या वाजल्या नव्हत्या.

"साहेब," जजसाहेब घसा खाकरून म्हणाले, "आपला लॅपटॉप या घटकेपासून विनापरवाना आहे."

मोबाइलवाला खूश झाला. "आता सापडले! काका, ते लेबल देऊ नका. आधी म्हणावं सही करा." मीही मूठ अर्धी मिटली होती, खोटं कशाला बोलू? पण ताईने हात पुढे केला.

"दे इकडे. त्यांचं आहे ते." तिने लेबल टायवाल्यांच्या हातात ठेवलं. "याच्यावरून मी तुम्हाला अडवणार नाही. तुम्ही फक्त जे पाहिलंत ते लिहा."

टायवाल्यांनी बॅगेतून तपासणीचा कागद काढला. मग म्हणाले, "लेबलं खरी आहेत असं लिहितो. संस्थेवर ठपका नाही. पण ती डब्यांवर नाहीत, बाई. परवाना मात्र गेला. तो नियम मला मोडता येत नाही."

"मोडा असं मी म्हणतच नाही," ताई म्हणाली. "चहा घेता?"

त्यांनी चहा घेतला. मी त्यांचं लेबल पुन्हा लावून द्यायची तयारी दाखवली, तर म्हणाले, "नको. निघालं ते निघालं. नियम मलाही आहे. ऑफिसात जाऊन सांगतो." आणि लेबल पाकिटात घालून गेले. टाय घातलेल्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी प्रथमच बदललं.

उरले बेवारस डबे आणि तोंडावर आलेली परीक्षा. ताईला एक वाट ठाऊक होती. जगभरच्या जाणत्या लोकांनी मिळून बनवलेली एक सिस्टीम आहे. ती कुणीही घ्यावी, कितीही नकला कराव्यात, वाटाव्यात, तसा परवानाच तिच्यासोबत येतो. ताईने ती आजवर बाजूला ठेवली होती, कारण हॉस्पिटलात कंपनीचीच सिस्टीम होती. सराव एकावर आणि परीक्षा दुसऱ्यावर, अशी बायकांची फजिती व्हायला नको, म्हणून. आता तीच तिने सगळ्या डब्यांत घातली.

"बाई, परीक्षेला सगळं वेगळंच दिसलं तर?" काजबाईने विचारलं. "जमेल का?"

मी 'जमेल'ची वाट बघत होतो. ताई म्हणाली, "मला माहीत नाही." हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. मग ती म्हणाली, "पण परीक्षेपर्यंत मी रोज तुमच्यासोबत बसेन."

आणि ती बसली. वर तिने एक युक्ती काढली जी फक्त जन्मजात मास्तरणीलाच सुचू शकते. डबे घरी न नेता बायकांनी आमच्याकडेच सराव करायचा, आणि त्या यायच्या आधी मी प्रत्येक डब्याचा चेहरा बदलायचा. आज पडदा निळा, उद्या करडा. आज बटणं वर, उद्या डावीकडे, परवा कुठेच नाहीत. टाइप केलेलं साठवायची खूण तर मी दर दिवशी नव्या ठिकाणी लपवायचो. पहिले काही दिवस बायका रडकुंडीला आल्या. मग चिडल्या. "भाऊ, आज कुठे घातलंत?" असं ओरडत त्या शोधायच्या, आणि माझ्याविषयी आपसात जे बोलायच्या ते मी ऐकू येत नसल्याचं दाखवायचो. पुढे पुढे त्या न बोलताच शोधू लागल्या. मी दमलो, त्या दमल्या नाहीत. ताई प्रत्येकीच्या खुर्चीमागे उभी राहायची, आणि तिचे पाय सुजलेले मला दिसायचे. बस म्हटलं तर डोळे वटारायची.

परीक्षेच्या दिवशी हॉस्पिटलात आदल्याच आठवड्यात बसवलेली अगदी नवीकोरी सिस्टीम होती. महागड्या क्लासातून आलेली मुलं पडद्याकडे बघत बसली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाच साठवायची खूण कुठे आहे ते सापडेना. काजबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एका कोपऱ्यात टिचकी मारली आणि साहेबांना म्हणाली, "तुमच्याकडेही भाऊ येतात वाटतं?"

एक सोडून सगळ्या जणी नोकरीला लागल्या. राहिलेली पुढच्या खेपेला बसणार आहे. निकालानंतर ताईने ठरल्याप्रमाणे प्रत्येकीला डबा दिला, मी तो जिन्यावरून खाली नेऊन दिला, आणि आमच्या टेबलाचं लाकूड कित्येक दिवसांनी दिसलं. पुढच्या महिन्यात एके दिवशी बायको त्यावर नवं कापड घालत होती, तेवढ्यात बेल वाजली.

दारात काजबाई. धापा टाकत होती. हातात डबा, आणि डब्याला अंगावर बेतून शिवलेलं कव्हर. मागच्या बाजूला तारा बाहेर यायला तिने नीट काजं केलेली होती. तिच्या मागे जिन्यात आणखी दोघी डबे घेऊन चढत होत्या.

"काय झालं? बिघडला?" ताईने विचारलं.

"बिघडायला काय झालंय, बाई? पगार झाला. आता मला तिकडे बसायला कॉम्प्युटर आहे. हा पुढच्या बाईला द्या."

"अगं, परत कशाला आणलास? तो तुला दिलेला आहे. तुझा आहे तो."

"माझाच आहे ना?" काजबाई म्हणाली. "मग मी देतेय."

ताईने चष्मा काढून हातात धरला, बाजूला सरकली आणि दार पूर्ण उघडलं. बायकोने टेबलावरचं नवं कापड घडी करून उचललं.